घरचा गोड, थंड माचा लाटे : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल

उद्दिष्ट आधी लिहून ठेवते. उन्हाळ्याच्या दुपारी, स्वयंपाकघरात आहेत त्याच भांड्यांनिशी, साडेतीनशे मिलिलिटरच्या ग्लासात बसेल असा गोड, थंड माचा लाटे करायचा. माचा म्हणजे हिरव्या चहाच्या पानांची बारीक जपानी पूड, आणि ती पाण्यात घुसळून दुधात घातली की झाला लाटे. त्याची चव पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत सारखी राहिली पाहिजे, तळाशी गाळ किंवा न विरघळलेली साखर उरता कामा नये, आणि बर्फ वितळू लागल्यावरही चहाची चव जिभेवर टिकली पाहिजे. चहाची पूड, पाणी, दूध, साखर आणि बर्फ एवढ्याच वस्तू लागत असल्या, तरी त्यातली प्रत्येक थंड झाल्यावर वेगळी वागते. म्हणून सगळी मापे चमच्यांऐवजी ग्रॅममध्ये घ्यायची असे ठरवले आहे. त्यासाठी दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर एवढीच साधने नव्याने आणली.

पूड निवडतानाच निम्मे काम होते किंवा बिघडते. माचाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पाकिटांत साखर, दुधाची भुकटी आणि थोडीशी चहापूड असे तयार मिश्रण असते. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे यादीत साखर पहिली दिसली की ते पाकीट परत फळीवर ठेवता येते. डब्यावरच्या ‘सेरेमोनियल ग्रेड’ या शब्दांना मी फारसे महत्त्व दिले नाही, कारण जपानमध्ये कायद्याने ठरवलेली अशी कोणतीही प्रत नाही. तो विक्रेत्यांनी रूढ केलेला शिक्का आहे. त्याऐवजी उत्पादनाचा प्रदेश, डब्यावरची तारीख आणि डबा उघडल्यावर दिसणारा रंग पाहावा. चांगली पूड कोवळ्या गवतासारखी टवटवीत हिरवी असते. पिवळट किंवा शेवाळी झाक असेल तर ती जुनी आहे, उजेडात राहिलेली आहे किंवा जून पानांची आहे.

१५ एप्रिल

पूड कशी तयार होते हे कळल्याशिवाय तिच्याशी कसे वागायचे ते ठरत नाही, म्हणून आज फक्त वाचनाच्या नोंदी.

माचासाठी राखलेली चहाची झुडपे खुडणीपूर्वी साधारण तीन-चार आठवडे झाकून ठेवतात. ऊन कमी मिळाल्यामुळे पानांतले हरितद्रव्य वाढते, आणि एल-थिअनाइन या अमिनो आम्लाचे कॅटेचिनमध्ये रूपांतर होण्याची क्रिया मंदावते. थिअनाइनमुळे चहाला भरीव, किंचित गोडसर चव येते, तर कॅटेचिने कडू आणि तुरट असतात. सावलीत वाढलेल्या पानाचा तोल पहिल्या बाजूला झुकतो. खुडलेली पाने लगेच वाफवतात, त्यामुळे ती काळवंडत नाहीत. नंतर ती न वळता वाळवतात आणि त्यांचे देठ व शिरा काढून टाकतात. उरलेल्या पातळ पापुद्र्यांना तेंचा म्हणतात, आणि ते दगडी जात्यावर दळले की माचा होतो. एका जात्यावर तासाभरात जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड पडते. घाई केली तर घर्षणाच्या उष्णतेने रंग आणि वास दोन्ही उतरतात.

क्योतोजवळचे उजी, आइची प्रांतातले निशिओ, फुकुओकातले यामे आणि दक्षिणेकडचे कागोशिमा ही या चहाची प्रमुख ठिकाणे. ११९१ मध्ये एइसाइ हा झेन भिक्षू चीनमधून चहाचे बी घेऊन जपानला परतला आणि १२११ मध्ये त्याने चहाच्या आरोग्यगुणांवर ग्रंथ लिहिला. पूड पाण्यात घुसळून पिण्याची ही रीत तेव्हाच्या चीनमधली; तिथे ती पुढे मागे पडली आणि जपानमध्ये टिकली. दूध आणि बर्फ ही त्यात फार उशिरा पडलेली भर आहे, त्यामुळे परंपरेतली मापे आपल्या ग्लासाला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

या वाचनातून कामाची एक गोष्ट हाती लागली. माचा पाण्यात विरघळत नाही, फक्त तरंगत राहतो. साध्या चहात आपण पान उकळून गाळून टाकतो, इथे अख्खे पानच पितो. तेव्हा पूड किती चांगली पसरते आणि किती वेळ पसरलेली राहते, यावरच बहुतेक सगळे अवलंबून राहील.

१८ एप्रिल

आजचा विषय गुठळ्या. एवढी बारीक पूड डब्यातच एकमेकींना चिकटून बसते, आणि पाणी पडले की गुठळीचे बाहेरचे कवच ओले होऊन आतला भाग कोरडाच राहतो. अशी गुठळी नंतर कितीही ढवळली तरी फुटत नाही. ती दुधात हिरव्या ठिपक्यासारखी फिरते आणि दाताखाली आली की कडू लागते. उपाय एकच, पूड आधी चाळून घेणे. चहाच्या साध्या गाळणीची जाळी मोठी पडते. मैद्याच्या चाळणीची जाळी चालते, पण चाळण एवढी रुंद आहे की ३ ग्रॅम पूड तिच्या कडेलाच लागून राहते. वस्त्रगाळ करून पाहिले तर पूड अप्रतिम मऊ पडली, मात्र मलमलीच्या धाग्यांत बरीच अडकली, आणि या भावाची पूड कापडाला पाजणे परवडणारे नाही. शेवटी स्टीलची बारीक जाळीची छोटी गाळणी आणि चमच्याची पाठ हा जोड पक्का केला. चमच्याच्या पाठीने पूड हलकेच दाबत फिरवली की खाली धुरळ्यासारखी पडते आणि जाळीवर काहीही उरत नाही.

२१ एप्रिल

घुसळण्याची साधने. जपानी पद्धतीत यासाठी चासेन वापरतात. बांबूच्या एकाच तुकड्याचे टोक चिरून त्याचे ऐंशी, शंभर किंवा अधिक बारीक दाते करतात. नारा प्रांतात इकोमा शहराचा ताकायामा हा भाग या कामासाठी प्रसिद्ध आहे. मनगट सैल ठेवून ते पुढे-मागे झपाझप चालवले की वर दाट, बारीक फेस येतो.

आमच्याकडे ताकाची लहान रवी आहे. तिच्यासाठी भांडे मात्र जपून निवडावे लागते. रुंद वाटीत चाळीस ग्रॅम पाण्यात रवीचे डोके बुडतच नाही, आणि सपाट बुडाच्या पेल्यात कडेच्या कोपऱ्यात पूड साचून राहते. फुलपात्राचे बूड किंचित गोल असते आणि पोट अरुंद, त्यामुळे त्यात रवी नेमकी बसते. पूड आधी दोन चमचे पाण्यात चटणीसारखी कालवून घेतली, मग उरलेले पाणी घालून रवी दोन्ही तळव्यांत अर्धा मिनिट फिरवली, तेव्हा मिश्रण गुळगुळीत झाले. फेस आला, पण जाड बुडबुड्यांचा आणि क्षणभराचा. नुसता माचा प्यायचा असता तर ही उणीव मानावी लागली असती. लाटेत मात्र हा फेस दूध आणि बर्फाखाली मोडणारच असतो, त्यामुळे केवळ थंड लाटेसाठी चासेन विकत घेण्याची गरज नाही असे माझे स्पष्ट मत झाले आहे. सेलवर चालणारे छोटे घुसळणेही हेच काम करते, फक्त ते वर काढण्याआधी बंद करावे, नाहीतर भिंतीवर हिरवी नक्षी उमटते.

२४ एप्रिल

पाण्याचे तापमान. उकळते पाणी ओतले तर कडूपणा आणि तुरटपणा पुढे येतो व वासातला ताजेपणा जातो. अगदी गार पाण्यात पूड पसरायला वेळ लागतो आणि सुगंध बंदच राहतो. ७० ते ८० अंश सेल्सिअस ही रूढ मर्यादा इथेही योग्य ठरली, आणि त्यातही ७५ च्या आसपास. ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांच्यासाठी जपानी चहावाल्यांचा एक ठोकताळा आहे: पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओतले की दर ओतण्याला साधारण दहा अंश उतरते. आपण गरम चहा बशीत किंवा पेल्यांतून वर-खाली करून निववतो, तोच हा प्रकार. पुण्यात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे दोनदा वर-खाली केले की काम होते. थर्मामीटरने पडताळून पाहिले. स्टीलची भांडी जाड असतील तर उतार दहाहून जास्तच पडतो, त्यामुळे दोनवर थांबावे.

२७ एप्रिल

ही नोंद बर्फाची, आणि माझ्या मते साऱ्या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची. बर्फ गारव्यासाठी घालायचा आणि विसरून जायचा, असे आपण मानतो. या पेयात तो पाण्याइतकाच एक घटक आहे आणि त्याचेही वजन धरावे लागते.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. ७५ अंशांचे ६० ग्रॅम पाणी शून्यावर आणायचे तर त्यातून ६० गुणिले ७५, म्हणजे ४५०० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. त्यासाठी सुमारे ५६ ग्रॅम बर्फाचे पाणी होते. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याहून बराच थंड असतो, हे धरले तरी ५० ग्रॅम जातातच. म्हणजे आपण साठ ग्रॅम पाणी मोजून घातले असे समजतो आणि ग्लासात प्रत्यक्षात एकशे दहा ग्रॅम पडलेले असते. घरचा लाटे ‘पाणचट होतो’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोष पुडीला दिला जातो, दुधाला दिला जातो, आणि खरा पाहुणा बर्फातून आलेला असतो.

यावर दोन मार्ग तपासले. पहिला म्हणजे गरम पाणी कमी घेणे. ४० ग्रॅम पाण्याला ३००० कॅलरी, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम बर्फ. एकूण पाणी पंच्याहत्तर ग्रॅमच्या आत राहते आणि चहा जाणवतो. चाळीसच्याही खाली गेले तर मिश्रण इतके दाट होते की रवीला ते पेलत नाही आणि बरेचसे फुलपात्रालाच चिकटून राहते. दुसरा मार्ग असा की घुसळलेला माचा फुलपात्रासकट परातीतल्या बर्फाच्या पाण्यात धरून दोन-तीन मिनिटे निववायचा. स्टील उष्णता झटकन सोडते, त्यामुळे ग्लासातला बर्फ जवळपास शाबूत राहतो. चव निश्चितच भरीव येते, पण एका ग्लासासाठी परात भरून बर्फ खर्च करणे मला पटत नाही. चार जणांसाठी एकदम करायचे असेल तेव्हा हा मार्ग घ्यावा, एरवी पहिला पुरेसा आहे.

बर्फाचे खडे मोठे घ्यावेत. त्याच वजनाच्या चुऱ्यापेक्षा त्यांचा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून ते सावकाश वितळतात. ट्रे झाकलेला असावा, कारण फ्रीजरमधला आल्या-लसणीचा वास बर्फ शोषून घेतो आणि माचाच्या नाजूक वासात तो लगेच कळतो.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. जपानमध्ये वसंतारंभापासूनचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस याच सुमारास, १ किंवा २ मे रोजी येतो आणि तो चहाच्या पहिल्या खुडणीचा दिवस म्हणून मानला जातो. आपल्याकडे तेव्हा ऊन ऐन भरात असते. आजचा विषय गोडी.

दाणेदार साखर थंड दुधात विरघळायला फार वेळ घेते आणि तोवर तळाशी जाऊन बसते, म्हणून पाक आवश्यक. १०० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम पाणी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम केले. तार येऊ द्यायची नाही. चिरोट्यांचा किंवा गुलाबजामांचा पाक इथे उपयोगाचा नाही, तो थंड दुधात तळाला चिकटून बसतो. हा पातळ पाक बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की आठवडाभर सहज पुरतो, आणि त्याच्या दोन ग्रॅममध्ये एक ग्रॅम साखर असल्याने मोजायला सोपा जातो. कोमट पेयात १६ ग्रॅम पाक पुरेसा गोड वाटला होता. तेच पेय बर्फासह चाखले तर फिके लागले, कारण थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते. २४ ग्रॅमवर, म्हणजे १२ ग्रॅम साखरेवर, समाधान झाले.

कोल्हापुरी गुळाचा पाकही करून पाहिला. कल्पना अनाठायी नाही: ओकिनावाच्या उसाच्या काळ्या साखरेचा कुरोमित्सु नावाचा पाक जपानमध्ये माचाच्या गोड पदार्थांवर ओततातच. गुळाने रंग मातकट होतो आणि चहाची हिरवी बाजू दबते, पण उरलेल्या तुरटपणाशी गुळाचा खमंगपणा छान जुळतो. दिसण्यापेक्षा चवीला महत्त्व देणाऱ्यांनी गूळ जरूर घ्यावा. तो पातळ करून गाळून घ्यावा आणि पूर्ण थंड झाल्यावरच दुधाला लावावा. मधाने मात्र निराशा केली. त्याचा स्वतःचा वास पुढे-पुढे करतो.

६ मे

दूध. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के, आणि पाकिटातले गाईचे दूध या दोहोंच्या मध्ये, टोन्डच्या बरेच जवळ असते. दुधातली केसिन प्रथिने चहातल्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवतात, म्हणून दुधाने माचा मवाळ होतो. स्निग्धांशामुळे घोट जड लागतो. म्हशीच्या दुधाचा लाटे पहिल्या दोन घोटांत श्रीमंत वाटतो आणि नंतर चहा हरवतो. शिवाय आपण दूध तापवून ठेवतो, त्यामुळे साय येते, आणि सायीचे बारीक तुकडे बर्फाच्या खड्यांना पांढऱ्या पापुद्र्यासारखे चिकटतात. ग्लास रिकामा झाला तरी ते कडेला लोंबत राहतात. तापवलेल्या दुधाला एक शिजका वासही असतो, जो खिरीत हवाहवासा आणि इथे नकोसा वाटतो. पाकिटातले दूध पाश्चराइज केलेले असल्याने ते न तापवता, नुकतेच फोडलेले आणि फ्रिजमध्ये कडक गार केलेले, गाईचे दूध वापरायचे ठरवले. माप १५० ग्रॅम.

सोया आणि ओटचे दूधही चालते. ओटचे मुळातच गोडसर असते, तेव्हा पाक पाचेक ग्रॅमने कमी करावा. याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात सापडले नाही.

११ मे

वहिनी आल्या होत्या. ग्लास हातात घेऊन त्यांनी विचारले, “अहो ताई, एवढा आमरस करून ठेवलाय तर तळाशी पाकाऐवजी तोच घाला ना.” हापूसच्या रसाचे ६० ग्रॅम तळाशी घालून वर दूध आणि माचा ओतला. केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन पट्टे इतके सुरेख दिसले की फोटो काढल्यावाचून कोणाला राहवले नाही. ढवळल्यावर रंग मेंदीच्या लगद्याच्या वळणावर गेला आणि चव निव्वळ आंब्याची लागली. हापूससमोर माचाचे काही चालत नाही, हा माझा निष्कर्ष. वहिनींना ती हरकत वाटली नाही आणि त्यांनी दुसरा ग्लास मागितला. वेलचीपूडही त्यांनीच सुचवली होती. चिमटीच्या निम्म्याहून कमी घातली तरी पेय मसाला दुधाकडे झुकते, म्हणून ती नोंदीपुरतीच ठेवली.

एक सावधगिरी. एका ग्लासात ३ ग्रॅम माचा म्हणजे पुडीच्या प्रतीनुसार साधारण ६० ते १३० मिलिग्रॅम कॅफिन. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे, आणि चहा-कॉफीमुळे अन्नातल्या लोहाचे शोषण घटते म्हणून जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर ती टाळावीत असेही म्हटले आहे. घरात दोन वेळचा चहा चालूच असतो, तेव्हा लाटे दुपारच्या एखाद्या चहाच्या जागी घ्यावा, त्यावर भर म्हणून नाही. मुलांना हा ग्लास दिला नाही.

१८ मे

क्रम निश्चित केला. आधी ग्लासात २४ ग्रॅम पाक, त्यावर १०० ग्रॅम बर्फाचे मोठे खडे, मग १५० ग्रॅम गार दूध, आणि शेवटी ४० ग्रॅम पाण्यात घुसळलेला ३ ग्रॅम माचा. पाकाची घनता सुमारे १.२३, दुधाची १.०३ आणि कोमट माचाची १ च्या आसपास असल्याने हे थर आपोआप वेगळे राहतात. माचा सरळ दुधात न ओतता बर्फाच्या खड्यावर बारीक धारेने सोडला, तर तो खड्याच्या कडेने पसरतो आणि दुधात हिरवे धागे सोडत सावकाश उतरतो. हे पाहायला सुंदर असले तरी पिण्यापूर्वी तळापासून नीट ढवळणे अत्यावश्यक आहे, नाहीतर वर कडू आणि खाली नुसता पाक अशी विभागणी होते. फुलपात्र दुधाच्याच एका चमच्याने विसळून तेही ग्लासात घालावे. बरीच पूड तिथे राहिलेली असते.

तयार ग्लास पंधरा-वीस मिनिटांत संपवावा. त्यानंतर पूड खाली बसू लागते. ऑफिसला न्यायचा झाल्यास बर्फाशिवाय घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत, बर्फाच्या वजनाएवढे गार दूध जास्त घालून न्यावा आणि पिण्याआधी हलवावा. रात्री करून ठेवलेल्या बाटलीचा रंग सकाळपर्यंत उतरलेला दिसतो, चवही बोथट होते, म्हणून तो मार्ग सुचवत नाही.

९ जून

पाऊस लागला आणि हवेतला दमटपणा वाढला. बिस्किटे सादळतात तशी ही पूडही उघड्यावर सादळते, आणि तिचे नुकसान गुठळ्यांपुरते राहत नाही. उष्णता, उजेड आणि ओल यांनी हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो व हिरवा रंग शेवाळी तपकिरीकडे वळतो. रंगाबरोबर वासही जातो. डबा हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवते. तो काढल्याबरोबर उघडायचा नाही, कारण थंड पुडीवर खोलीतल्या हवेची वाफ दवासारखी धरते. न उघडलेल्या अवस्थेत तासभर बाहेर राहू द्यावा, लागेल तेवढी पूड कोरड्या चमच्याने घ्यावी आणि लगेच झाकण लावावे. रोज करणाऱ्यांनी आठवड्यापुरती पूड छोट्या डबीत वेगळी काढावी, म्हणजे मोठा डबा वारंवार उघडावा लागत नाही.

डबाही लहानच घ्यावा. जगभर मागणी वाढल्यामुळे २०२४ च्या शरद ऋतूत क्योतोतल्या जुन्या चहाघरांनी ग्राहकामागे विक्रीची मर्यादा घातली होती, आणि तेव्हापासून साठा करून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. उघडलेला डबा दोन महिन्यांत संपत नसेल तर तो साठा वाया जातो. ज्या पुडीचा रंग थोडा उतरला आहे ती लाटेत घालू नये. अर्धा लिटर दूध आटवून, आचेवरून उतरवून कोमट झाल्यावर त्यात ४ ग्रॅम चाळून घुसळावी, साखर नेहमीपेक्षा थोडी जास्त घालावी आणि कुल्फीच्या साच्यात भरावी.